मॅडमना गांजाचं सांगू की नको?

ताई,
मी २७ वर्षांची. नोकरी पुण्यात आयटीत, माहेर जुळे सोलापूरचं. दहावा आठवडा चालू आहे. गेली तीन वर्षं मी आणि नवरा शनिवारी मित्रांबरोबर गांजा ओढायचो. सातव्या आठवड्यात दिवस गेल्याचं कळलं तेव्हा बंद केला. पण मग उलट्या अशा सुरू झाल्या की पाणीसुद्धा टिकेना. नवऱ्याची एक मैत्रीण अमेरिकेत आहे. ती म्हणाली, इकडं दुकानात गरोदर बायकांना उलटीवर हेच देतात, झाडपाल्याचंच तर आहे. म्हणून रोज रात्री दोन-तीन झुरके घ्यायला लागले. खरंच बरं वाटतं, झोपही लागते. आता माहेरी आलेय. येताना थोडा बरोबर आणलाय, गच्चीवर जाऊन ओढते. आईला माहीत नाही. ती स्वतः मिशरी लावते आणि "माझी तीन बाळंतपणं मिशरी लावूनच झाली" असं सांगते. माझ्या बाळाला काय झालं असेल? डॉक्टरांना सांगितलं तर त्या पोलिसांत कळवतील का? सासरी कळेल का? कधीकधी रात्री वाटतं, हे मूल ठेवूच नये.
— एक वाचक, जुळे सोलापूर

अगं, तुझ्या शेवटच्या वाक्याला आधी उत्तर देते. ते वाचून मी चष्मा काढून बराच वेळ तशीच बसले होते. गांजा ओढला एवढ्यासाठी मूल पाडायचं काही कारण नाही. असा संबंध आलेली बहुतेक बाळं वेळेवर आणि धडधाकट जन्मतात. दहावा आठवडा म्हणजे अजून तीस आठवडे तुझ्या हातात आहेत, आणि बाळाचं वजन भरतं ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. झालं ते झालं, पण पुढचं सगळं अजून व्हायचंय.

दुसरं उत्तरही लगेच देते. हो, डॉक्टरांना सांगायचं. पहिल्याच भेटीत आणि स्पष्ट शब्दांत. पोलिसांचं आणि सासरचं खाली सविस्तर लिहिते, पण त्या भीतीपायी गप्प बसू नकोस.

आणि तिसरं, जे तू विचारलं नाहीस. बरोबर आणलेला जो काही आहे तो हे पत्र वाचून होताच संडासात टाकून पाणी ओत. "एकदम नको, हळूहळू सोडते" असं करू नकोस. दारूचं व्यसन जुनं असलं तर ती अचानक सोडणं धोक्याचं असतं, झटके येतात. गांजाचं तसं नाही. चिडचिड होईल, झोप उडेल, चित्रविचित्र स्वप्नं पडतील, भूक मरेल. पहिला आठवडा जड जातो, दोनेक आठवड्यांत बरंच निवळतं.

मी तेहतीस वर्षं प्रसूती कक्षात परिचारिका होते. आमच्याकडं येणाऱ्या बायकांच्या उशाखाली मिशरीची डबी असायची, गांजा क्वचितच निघायचा. आता तुझ्यासारखी पत्रं येतात. त्यामुळं मी मुद्दाम बसून वाचलं, डॉक्टर मंडळींना विचारलं, आणि जे खात्रीचं आहे तेवढंच तुला सांगते.

गांजात नशा आणणारं जे द्रव्य आहे, त्याला टीएचसी म्हणतात. ते चरबीत विरघळतं. म्हणून तुझ्या अंगात ते दिवसेंदिवस राहतं, आणि म्हणूनच ते वारेतून बाळापर्यंत पोचतं. वार म्हणजे आईकडचं वाईट अडवून चांगलं तेवढं आत सोडणारी चाळणी, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. रोज घेणारीच्या शरीरात आधीचं संपायच्या आत नवं येऊन पडतं. बाळाच्या मेंदूची जडणघडण चालू असताना पेशींनी कुठं जायचं, कुणाशी जोडायचं याचे काही निरोप ज्या यंत्रणेतून जातात, नेमक्या त्याच यंत्रणेवर हे द्रव्य जाऊन बसतं. तिथल्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या निरोप घेणाऱ्या जागांना, बाहेरून आलेलं आणि शरीरानं स्वतः बनवलेलं यातला फरक कळत नाही. माझी काळजी आहे ती इथं.

परिणाम काय दिसतात? सगळ्यात पक्का पुरावा वजनाचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २०१७ मध्ये सगळा अभ्यास एकत्र तपासला. गरोदरपणी गांजा ओढणं आणि बाळाचं वजन कमी असणं यांचा संबंध त्यांना ठळक दिसला. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात साडेसहा लाखांहून जास्त गरोदर स्त्रियांच्या नोंदी पाहिल्या गेल्या, तो अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. त्यांनी वय, तंबाखू, घरची परिस्थिती अशा गोष्टी सारख्या असलेल्या बायकांच्या गटांची तुलना केली. न घेणाऱ्या १०० जणींपैकी सुमारे ७ जणींची बाळं दिवस भरायच्या आत झाली, घेणाऱ्यांपैकी सुमारे १० जणींची. तू आकडेवाली आहेस, तर हा आकडा दोन्ही बाजूंनी वाच. धोका वाढतो, हे खरं. आणि घेणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणींची वेळेवर झाली, हेही खरं.

सातवरून दहा, म्हणजे तिनानं काय बिघडलं, असं तुझ्या नवऱ्याला वाटेल. त्याला एकदा नवजात अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर उभं करावंसं वाटतं. दीड-पावणेदोन किलोचं बाळ मी हातात घेतलंय. त्याला ऊब धरून ठेवता येत नाही, कारण कातडीखाली चरबीच नसते. चोखायचं बळ नसतं, मग नाकातून नळी घालून चमच्या-दोन चमच्यांनी दूध द्यायचं. अडीच किलोच्या खालचं बाळ आलं की आम्ही आईला सांगायचो, ब्लाऊज काढ, बाळाला छातीला लाव आणि अशीच तासन् तास बस. अशी बाळं जगतात, वाढतात, शाळेत जातात. पण त्या आईचे ते दिवस मी पाहिलेत, आणि टाळता येत असतील तर कुणाच्याच वाट्याला येऊ नयेत.

कॅनडातच ओटावा शहरात १९७८ पासून अशा आयांच्या मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. जन्मल्यावर ती बाळं जास्त दचकायची, हातापायांना कंप जास्त असायचा. हे पुढं कमी झालं. चौथ्या वर्षाच्या आसपास, ज्यांच्या आया भरपूर ओढायच्या त्यांच्यात भाषेच्या आणि स्मरणाच्या चाचण्यांत फरक दिसला, आणि शाळेच्या वयात एका जागी लक्ष टिकवण्यात. हा फरक फार मोठा नव्हता, आणि त्यातलं गांजाचं किती, घराचं किती यावर जाणकारांत वाद आहे. शिवाय त्या काळचा गांजा सौम्य होता. अमेरिकेत पकडलेल्या मालात १९९५ च्या सुमारास टीएचसी ४ टक्के असायचं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेलं. तुझ्या पुडीत किती आहे ते तुला माहीत नाही, मला नाही, आणि विकणाऱ्यालाही नाही.

आता त्या अमेरिकेतल्या मैत्रिणीचं. ती खोटं बोलली नाही. कोलोरॅडो राज्यात संशोधकांनी ४०० गांजा-दुकानांना फोन केले. "मी आठ आठवड्यांची गरोदर आहे, मळमळतंय" असं फोनवर सांगायचं. दर दहातल्या जवळजवळ सात दुकानांनी गांजा घ्यायला सांगितला. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पण फोन उचलणारे दुकानातले विक्रेते होते. त्याच देशातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मुख्य संघटनेनं २०१७ मध्येच डॉक्टरांना सांगितलंय की गरोदरपणात आणि अंगावर पाजताना गांजापासून स्त्रियांना परावृत्त करा, औषध म्हणून घेत असल्या तरी. जमैकातल्या बाळांना काही झालं नाही, असाही एक अभ्यास नवरा पुढं करेल. तो १९९४ चा आहे आणि त्यात गांजा घेणाऱ्या आयांची बाळं होती फक्त २४. आणि झाडपाल्याचं म्हणशील, तर तंबाखूही झाडाचीच, धोतराही झाडाचाच. आपल्या आज्या गरोदर बाईला पपईसुद्धा खाऊ द्यायच्या नाहीत. त्यांना कुणी "झाडपाला आहे, चालतो" म्हणून गप्प करू शकलं नसतं.

आता उलट्या, कारण खरा प्रश्न तोच आहे. तुला नशेची हौस म्हणून तू गच्चीवर जात नाहीस. पाणी टिकत नाही म्हणून जातेस. तुझं हे दुखणं खरं आहे आणि त्यावर उपचार आहेत. "सगळ्यांनाच होतं, सोस थोडं" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. डॉक्सिलामाइन आणि बी-६ जीवनसत्त्व यांची एकत्र गोळी गरोदरपणातल्या उलटीसाठी अनेक वर्षं वापरात आहे, तिचा भरपूर अभ्यास झालाय. तिनं भागलं नाही तर डॉक्टरांकडं पुढची औषधं आहेत, सलाईन आहे. गोळी मात्र दुकानातून स्वतः आणू नकोस. किती आणि कधी घ्यायची ते मॅडम ठरवतील. तिनं गुंगी येते, म्हणून बहुतेक वेळा रात्री देतात. म्हणजे तुझ्या झोपेचाही प्रश्न थोडा सुटेल.

घरी करायचं ते असं. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी काहीतरी कोरडं चावायचं. पुण्यात मारी बिस्किट सांगतात. तू सोलापूरची आहेस, उशाला कडक भाकरीचे तुकडे ठेव. एक तुकडा हळूहळू चघळ, पंधरा मिनिटं पडून राहा, मग उठ. शेंगा चटणी आत्ता नको, तेलाच्या वासानंच ढवळेल. दर दोन तासांनी मूठभर खायचं, पोट रिकामं पडू द्यायचं नाही. आल्याचा तुकडा चघळून बघ. पाणी ग्लासभर एकदम पिऊ नकोस, दर पाच-दहा मिनिटांनी घोट घोट घे. लिंबू-साखर-मीठ घातलेलं चालेल, पातळ ताक चालेल. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२-४३ च्या पुढं जातो. या उन्हात उलट्या होणाऱ्या गरोदर बाईचं पाणी बघता बघता कमी होतं. फॉलिक अॅसिडची गोळी चालू असेल तर ती सोडू नकोस. उलटून पडत असेल तर वेळ बदलून बघ, रात्री जेवणानंतर घे.

पुढचं मात्र आईलाही वाचून दाखव. आठ तास लघवी झाली नाही, किंवा झाली ती गडद पिवळी आणि थोडीशीच, उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी, दिवसभर काहीच टिकलं नाही, उलटीत रक्त, किंवा वजन उतरतंय (५० किलोच्या बाईचं अडीच किलो उतरलं म्हणजे खूप झालं), यातलं एक जरी दिसलं तरी ओपीडीच्या वेळेची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा. रिक्षा मिळाली नाही तर १०८ ला फोन.

आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या तुला कुणी सांगितल्या नसतील. एक म्हणजे अतोनात उलट्या कधी जुळ्यांमुळं होतात, कधी थायरॉइडमुळं, क्वचित द्राक्षगर्भामुळं (म्हणजे गर्भ नीट न वाढता वारेचीच द्राक्षांसारखी वाढ होते त्यामुळं). सोनोग्राफी आणि रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. गांजानं उलटी दबली की हे शोधायचंच राहून जातं. दुसरी म्हणजे, वर्षानुवर्षं गांजा घेणाऱ्या काही जणांना गांजामुळंच उलट्यांचा आजार होतो. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये तो पहिल्यांदा नोंदवला. त्याची एक खूण आहे. गरम पाण्यानं अंघोळ केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, म्हणून माणूस दिवसात चार-पाच वेळा अंघोळ करतो. तुझं तसं होत असेल तर मॅडमना आवर्जून सांग. त्यावर गांजा सोडणं हाच उपाय आहे. म्हणूनही म्हणते, सांगितल्याशिवाय त्यांना तुझा इलाज नीट करता येणार नाही.

आता पोलीस. तू इंटरनेटवर जे वाचलं असशील, की आईच्या लघवीत गांजा सापडला आणि बाळ काढून घेतलं, ते अमेरिकेतल्या काही राज्यांतलं आहे. आपल्याकडं गांजा बाळगणं आणि ओढणं १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं गुन्हा आहे, हे खरं, आणि पुण्याहून पुडी बरोबर आणणं हा तू घेतलेला मोठाच धोका होता. पण डॉक्टरचं काम उपचाराचं. रुग्णानं विश्वासानं सांगितलेलं गुप्त ठेवणं हे त्यांच्या व्यवसायाचं बंधन आहे. शिवाय त्याच कायद्यातलं ६४-अ हे कलम, व्यसन लागलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला तर त्याला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देतं. कायदा करणाऱ्यांनीसुद्धा उपचाराला जाणाऱ्याची वाट उघडी ठेवलीय.

महाशिवरात्रीच्या थंडाईतली भांग मात्र पर्याय समजू नकोस. नुसत्या पानांची भांग त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही एवढाच फरक. द्रव्य तेच आहे, आणि पोटातून गेलेलं उशिरा चढतं आणि जास्त वेळ राहतं.

सासरचं सोपं आहे. तुझ्या परवानगीशिवाय डॉक्टरनं सासूबाईंना सांगायचं नसतं. एक व्यवहाराची गोष्ट तेवढी ध्यानात ठेव. माता-बाल संरक्षण कार्ड आणि फाईल घरात सगळे उघडून बघतात. मॅडमना सांग की हे तुमच्याकडच्या कागदावर लिहा, माझ्या कार्डावर नको. बायका हे विचारायला लाजतात, आणि घरी जाऊन पानच फाडून टाकतात. असं मी पाहिलंय.

आईबद्दल थोडं. तिच्याशी मिशरीवरून भांडू नकोस. या गावात हजारो बायकांनी विड्या वळून घरं चालवली, तंबाखू त्यांच्या हाताला आणि श्वासाला लागून राहिली. मिशरीनं दाताची कळ थांबते, सकाळी पोट साफ होतं, भूक मरते, असं त्या सांगायच्या. "उलटी राहते म्हणून लावते" असं सांगणाऱ्या गरोदर मुलीही मी पाहिल्या. तुझ्या झुरक्यात आणि त्यांच्या बोटभर मिशरीत मला फार अंतर दिसत नाही. दोघींना त्रास होता, आणि जवळ जे होतं ते त्यांनी घेतलं. पण मुंबईत १२१७ गरोदर बायकांवर केलेला एक अभ्यास २००४ मध्ये छापून आला. मिशरीसारखी धूर नसलेली तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली. तुझ्या आईची तीन लेकरं धडधाकट निघाली याचा आनंदच आहे. वॉर्डात तशी न निघालेलीही मी बघितलीत, आणि त्यांच्या आया अशी उदाहरणं द्यायला येत नाहीत. म्हणून गांजा सोडताना आईच्या डबीकडं मात्र वळू नकोस. तुमच्या जॉइंटमध्ये सिगारेटची तंबाखू मिसळलेली असणार, म्हणजे तुझ्या शरीराला तंबाखूचीही सवय लागलेली असणार. बोट त्या डबीकडं जाईल. सावध राहा.

आईला सांगायचं का? माझ्या मते हो, पण आज नको. आधी डॉक्टरांना भेट, औषध सुरू होऊ दे, मग सांग. तेव्हा सांगताना तुझ्या हातात उपायही असेल.

नवऱ्याला मात्र आजच फोन कर. तो पुण्यात ओढत राहणार आणि तू इकडं एकटी सोडणार, हे मला अजिबात मान्य नाही. तू परत जाशील त्या घरात धूर नको, पुडी नको आणि शनिवारची बैठकही नको. बाळ झाल्यावरसुद्धा नको. टीएचसी दुधात उतरतं. शेवटचं घेतल्यावर सहा दिवसांपर्यंत ते दुधात सापडल्याचं २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे दारूच्या बाबतीत सांगतात तसं "थोडे तास थांबून पाजते" हे इथं चालत नाही. आणि नशेत असलेल्या माणसाशेजारी तान्हं बाळ झोपवायचं नसतं, मग तो बाप असला तरी. त्याला सोडणं जमत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. रात्री तुझ्या मनात परत ते काळे विचार आले तर १४४१६ लाव. ही टेलि-मानस सेवा चोवीस तास चालते आणि मराठीत बोलतात. आपल्या सिव्हिलला मानसोपचार विभागही आहे.

डॉक्टरकडं गेल्यावर तोंडातून शब्द फुटणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून वाक्यच लिहून देते. आईला बाहेर बाकावर बसव आणि म्हण, "मॅडम, मला एकटीनं बोलायचंय. मी दहाव्या आठवड्यापर्यंत गांजा ओढलाय, आधी आठवड्यातून एकदा आणि शेवटी उलटीसाठी रोज रात्री. आता थांबवलाय. माझ्या उलट्यांवर औषध द्या, आणि बाळाच्या वाढीवर नीट लक्ष ठेवा." बोलता आलं नाही तर हे पान उघडून त्यांच्यासमोर धर. त्या रागावल्या तर रागावू देत, दोन मिनिटांत विषय औषधाकडं वळतो. वळलाच नाही तर दुसरी डॉक्टर बघायची, सोलापुरात डॉक्टरांची वाण नाही.

सकाळी लवकर नंबर लाव, ऊन चढायच्या आत घरी येशील. पर्समध्ये कडक भाकरीचे दोन तुकडे आणि पाण्याची बाटली ठेव, आणि एक कॅरीबॅग, रिक्षात उलटी आली तर.